तांदळाच्या डब्यावरची थाप

आमच्या घरात रात्रीचं जेवण तांदळाच्या डब्यावर संपायचं. म्हणजे असं, की पेज पिऊन झाली, ताटं उचलली, अव्वानं, म्हणजे आईनं, चुलीतली लाकडं बाहेर ओढून त्यांवर पाणी मारलं, की अप्पा हात धुऊन कोपऱ्यातल्या पत्र्याच्या मोठ्या डब्याशी उकिडवे बसायचे आणि त्यावर बोटांनी एक थाप वाजवायचे. आधी तीन सावकाश ठोके, मग दोन घाईचे आणि शेवटचा तळहाताने दाबून धरलेला. असं काही वेळा झालं की उठून दाराला कडी घालायचे. डबा भरलेला असला की आवाज बद्द यायचा. पावसाळ्यात तांदूळ तळाला गेले की खणखणीत यायचा, त्यामुळे घरात धान्य किती उरलंय हे मला कुणाला न विचारता कळायचं. मी त्या थापेवर झोपलो आणि त्या थापेवरच वाढलो. शेजारच्या घरी टीव्हीवरच्या बातम्या संपल्या की दिवा मालवत, आमच्या घरी ही थाप संपली की मालवत, एवढंच मी समजत होतो. ती कसली, कुठली, हे कधी विचारलं नाही. रोजच्या आमटीत मीठ का घालतात असं कुणी आईला विचारतं का?

आमचं गाव सुप्याच्या धरणात गेलं आणि आमच्या लोकांना रामनगरच्या कॉलनीत आणून बसवलं, तेव्हा माझा जन्म व्हायचा होता. गाव मी डोळ्यांनी पाहिलं नाही, पण कानांनी इतकं पाहिलं की त्याचा कंटाळा यायचा. अव्वाचं प्रत्येक वाक्य ‘तितं’पासून सुरू व्हायचं. तितली माती काळी, तितलं पाणी गोड, तितल्या फणसाचा गरा असा की चाकू नको. हितलं सगळं नावापुरतं. तरी हितलंच खाऊन आम्ही मोठे झालो. ती रानाच्या कडेनं कंद खणून आणायची, बाजाराच्या दिवशी गोणपाटावर मांडून विकायची, आणि न खपलेले घरी उकडायची. गरम कंद, मीठ आणि लाल मुंग्यांची झणझणीत चटणी. बेंगळूरच्या एका हॉटेलात परवा असलाच कंद काचेच्या ताटलीत, वर फूल ठेवून माझ्यापुढे आला. मी ते फूल बाजूला काढलं आणि अव्वाची आठवण काढत कंद हातानं खाल्ला.

भिंतीवर खुंटीला अप्पांचं घुमट टांगलेलं असायचं. घुमट म्हणजे मातीचा, दोन्हीकडून उघडा घडा, एका तोंडाला कातडं ताणून बसवतात आणि वाजवतात. आमच्या घुमटाला कातडं नव्हतं. जुनं घोरपडीचं होतं, ते फाटलं, आणि घोरपड मारायला आता बंदी. बोकडाचं चालतं, पुष्कळ जण बसवतात, पण अप्पांनी बसवलं नाही. अव्वा त्यात लसूण ठेवायची. अप्पा लाकडाच्या डेपोत ओंडके चढवायच्या कामावर होते, संध्याकाळी सागाच्या भुशाचा वास घेऊन घरी यायचे. बोलणं कमी. तंबाखू मळताना तर त्याहून कमी. रस्त्यावरून गोव्याकडं जाणारे खनिजाचे ट्रक अहोरात्र धडधडत असायचे, त्या आवाजात अप्पांचं न बोलणं तेवढं ठळक ऐकू यायचं.

गिटार मला आंतोननं शिकवली. तो रविवारी चर्चमध्ये वाजवायचा आणि बाकीचे दिवस वडिलांच्या बेकरीत पाव भाजायचा. त्याची जुनी गिटार मला मिळाली, तिच्या पोटात कायम मैदा असायचा. तिसरा नागेश, नंदिगड्ड्याकडचा, बसस्टँडवर मोबाइलचं दुकान चालवायचा. ड्रम वाजवायला कुठं शिकला विचारलं तर म्हणायचा, “बसच्या पत्र्यावर.” आम्ही एका बंद पडलेल्या भाताच्या गिरणीत जमायचो, कोंड्यानं खोकत हिंदी सिनेमाची गाणी वाजवायचो आणि आपण फार मोठे आहोत असं वाटून घ्यायचो. एकदा आंतोन गिटारची तार बदलत होता, तोवर मी आपला माझ्या गिटारीच्या पाठीवर बोटं चालवत बसलो.

“हे काय वाजवूलालास?” नागेशनं विचारलं.

“सुम्म, उगाच. आमच्या घरातलं हाय.”

“परत वाजव की.”

मी परत वाजवलं. नागेशनं ते ड्रमवर घेतलं, आंतोननं खालच्या तारेवर एकच सूर धरून ठेवला, आणि गिरणीच्या पत्र्याला कापरं भरलं. अंगावर काटा आला म्हणतात तो मला त्या दिवशी खरोखर आला. शब्द मी तिथंच बसून जुळवले. पाण्याखाली कोण दिवा लावतंय, पाण्याखाली कोण भात कांडतंय. एक कडवं मराठीत, एक कन्नडात, एक आंतोनच्या कोकणीत, कारण आम्ही तिघं भांडायचोही असंच. बँडचं नाव ‘बुडीत’ ठेवलं. नागेशच्या गावात शिमग्याला मांड भरतो, म्हणजे देवापुढच्या जागेवर सगळे नाचगाण्याला जमतात, आमच्या लोकांचाही तिकडं जुन्या गावात भरायचा हे मला ऐकून ठाऊक होतं. पण प्रत्येक मांडाची थाप वेगळी असते, त्यामुळे ही थाप नागेशनंही ओळखली नाही. आमच्या तिघांत ती ओळखणारा कुणी नव्हता, गंमत आहे ती इथंच.

आज पोरं मला विचारतात, तुम्ही लोकांपर्यंत कसे पोचलात. मी म्हणतो, ट्रकनं. ते हसतात, पण ते खरं आहे. तेव्हा लोक मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड द्यायचे आणि गाणी भरून घ्यायचे. ड्रायव्हर लोकांना तर घाट चढायचा म्हणजे गाणी लागायचीच. नागेश प्रत्येक कार्डात त्यांनी मागितलेली गाणी भरायचा आणि कुणी न मागता सगळ्यांत वर आमचं एक. पहिलं गाणं आपोआप सुरू होतं, हा त्याचा धंद्यातला हिशेब. शिव्या देत का होईना, ड्रायव्हरांनी ते ऐकलं. मग अनमोडच्या घाटात चहाच्या टपरीवर कुणी वाजवलं, फोंड्याच्या गॅरेजवाल्यानं ब्लूटूथनं घेतलं, आणि एके दिवशी बेळगावच्या एका कॉलेजातला पोरगा हुबळीच्या बसमध्ये ते ऐकून थेट नागेशच्या दुकानात येऊन उभा राहिला. त्या कॉलेजात आम्ही वाजवलं. सुरुवातीलाच ती थाप घेतली. पोरं उड्या मारायला लागली. मग धारवाड, मडगाव, दांडेलीची रिसॉर्टं. रिसॉर्टात पाहुणे लग्नातली गाणी मागायचे, आम्ही आधी आपलं गाणं वाजवायचो आणि मग त्यांचं, आधी त्यांचं कधीच नाही. त्यावरून दोनदा बिनजेवणाचे परत आलो. बेंगळूरच्या कुणीतरी आमच्याविषयी लिहिलं, की हा रूट्स-रॉक आहे. आंतोननं अव्वाला समजावलं, रूट्स म्हणजे मुळं.

“मग रूट मी बी इकतोय की रं बाजारात,” अव्वा म्हणाली. “मला कोन बोलवंना ते बेंगळूरला.”

बेंगळूरनं आम्हाला मात्र बोलावलं. तिथं एक छोटी रेकॉर्डिंग कंपनी होती, तिला आमचा एक अख्खा अल्बम करायचा होता. काही महिने तिथंच राहा, आठवड्याला कुठं ना कुठं वाजवा, असं त्यांचं म्हणणं. नेमकं त्याच सुमारास अप्पांनी मुकादमाला सांगून डेपोत माझी जागा धरून ठेवली होती. मी चाचरत बेंगळूरचं सांगितलं. अप्पांनी तंबाखू मळून तोंडात टाकली, ती गालात सरकवली. त्यांचा फोन साधा, बटनांचा. आमचं गाणं त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं, आणि ऐकवायचं धाडस मला झालेलं नव्हतं.

“बेळगावची पोरं नाचली म्हनतोस,” ते म्हणाले. “ती कशाला बी नाचत्यात. हितं कॉलनीत वाजवा. आपली मान्सं बसून ऐकली तर जा बेंगळूरला, मी अडवनार न्हाई. उठून गेली तर डेपोत ये.”

अट सोपी वाटली. इतकी सोपी, की आम्ही त्याच संध्याकाळी पाव आणि मिरचीभजी खाऊन ती साजरी केली.

शिमग्याचे दिवस होते. कॉलनीत शिमग्याला होळी पेटायची, पण नाचगाणं व्हायचं नाही, माझ्या आठवणीत तरी कधी झालेलं नव्हतं. शाळेच्या मैदानावर आम्ही फळ्या टाकून स्टेज केलं, आंतोनच्या बेकरीच्या व्हॅनमधून स्पीकर आणले. दिवस मावळायच्या आधीच माणसं यायला लागली. घोंगडी, गोणपाट, चटया अंथरून सगळे बसले. पुढं जाणते, त्यांच्यात मधोमध आमच्या जुन्या गावचे गावकर, म्हणजे देवाधर्माच्या कामात ज्यांचा शब्द शेवटचा ते. नव्वदीला टेकलेले, पण पाठ ताठ. अव्वा बायकांत. अप्पा एका कडेला, धुतलेल्या शर्टात. मी त्यांना धुतलेल्या शर्टात लग्नाखेरीज पाहिलेलं नव्हतं. मी नमस्कार केला, दोन शब्द बोललो, आणि नागेशकडं बघून मान हलवली.

तीन सावकाश. दोन घाईचे. एक दाबून धरलेला.

गावकर उठले. त्यांनी वाकून जमिनीला हात लावला, तो कपाळाला लावला, आपलं घोंगडं उचललं आणि पाठ फिरवून चालू लागले. मला वाटलं, म्हाताऱ्यांना लघवीला लागली असेल. पण त्यांच्या मागोमाग दुसरे उठले, मग तिसरे, मग अख्खी पुढची ओळ. कुणी रागावलं नाही. वाकायचं, हात लावायचा, उठायचं. बायका लेकरांना ओढून उठवत होत्या. अव्वासुद्धा उठली. तरणी पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघत तशीच बसली, तर त्यांच्या आयांनी त्यांना कानाला धरून उठवलं. आंतोन वाजवता वाजवता माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “काय झालं रे? कोन मेलं काय?” मी अप्पांकडं पाहिलं. ते वाकले होते. त्यांनी जमिनीला हात लावला आणि तेही गेले. सगळ्या मैदानावर मोकळ्या चटया, आणि समोर आम्ही तिघं जीव तोडून वाजवतोय. डोळ्यांत पाणी होतं तरी मी गात होतो, कारण गाणं मध्येच सोडायला मला येत नव्हतं. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. माणसं घरी गेली नव्हती. मैदानाच्या दगडी बांधापलीकडं, रस्त्याच्या कडेला, सगळी उभी होती. ट्रक त्यांच्या पाठीमागून जात होते आणि ती आमच्याकडं तोंड करून उभी होती. शेवटचं गाणं होईपर्यंत उभीच राहिली, मग पांगली.

घरी अव्वा चूल फुंकत होती. मी दारातच भांडायला सुरुवात केली. तिनं फुंकणी खाली ठेवली.

“बसनार कशी मान्सं? मांड मोडलास की तू, पहिल्याच थापंला.”

मग तिनं सांगितलं. शिमग्याला देवापुढच्या जागेवर मांड उघडायची थाप वाजते, तेव्हा माणसं बसतात आणि गाणी, नाच सुरू होतो. सगळं उरकलं की मोडायची थाप वाजते. ती वाजल्यावर त्या जागेवर कुणी बसायचं नाही, जमिनीला हात लावून निघायचं. त्यानंतर तिथं गावाचा राखणदार देव बसतो, त्याची जागा अडवायची नाही. आमच्या मांडाच्या दोन्ही थापा आमच्या घराण्याकडं. पाणी चढायच्या आधीच्या शिमग्याला अप्पांनी तिकडं मोडायची थाप मारली आणि सगळी मागं न बघता इकडं आली.

“उघडायची परत मारलीच न्हाई. मारनार कुठं? मांड पान्यात. आनि मोडायची तेवढी रोज डब्यावर वाजवतोय तुजा बा. हात इसरू नये म्हनून असंल, न्हाईतर आजून मोडून झालं नसंल त्येचं. मी इचारलं न्हाई.”

अप्पा बाहेर ओट्यावर होते. मी त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो. मला लाजही वाटत होती आणि रागही येत होता. एवढं सगळं होतं, तर माझ्या जन्मापासून मला एका शब्दानं सांगायला काय झालं होतं? पण अट ती अट.

“अप्पा, मी येतो डेपोत.”

त्या दिवशी त्यांनी डबा वाजवला नाही. मला झोप आली नाही.

सकाळी उठलो तर घुमट खुंटीवर नव्हतं आणि लसूण सुपात होता. अप्पा अंगणात बसून बोकडाचं ओलं कातडं घुमटाच्या तोंडावर ताणून सुतळीनं आवळत होते. मी विचारलं, डेपोत कधीपासून येऊ. “कातडं सुकू दे,” ते म्हणाले. बस्स. ते घुमट रोज उन्हात, रोज संध्याकाळी आत. बेंगळूरचा फोन यायचा, येता की नाही सांगा, आणि मी म्हणायचो, कळवतो. कशासाठी थांबलोय हे त्यांना काय सांगणार, कातडं वाळायचंय म्हणून? नागेश दुकानातून मान बाहेर काढून रोज विचारायचा, “वाळलं?” शेवटी एका दुपारी अप्पांनी घुमटावर बोट मारलं, कान लावला, आणि मला म्हणाले, “सांग जा तुज्या दोस्तांस्नी. आज वाजवायचं हाय.”

परत तेच मैदान. ह्या वेळी चटया नव्हत्या. माणसं बांधापलीकडंच उभी राहिली, कुणी आत यायला तयार नाही. अप्पा गळ्यात घुमट अडकवून, अनवाणी, मैदानाच्या मधोमध गेले. गावकरांनी बांधावरूनच काठी उगारली.

“अरं, काय करूलालास? मांड हाय कुटं हितं? मांड तितं पान्यात हाय. उघडायची थाप अशी कुटं बी मारत्यात व्हय?”

अप्पांना इतकं मोठ्यानं बोलताना मी त्यापूर्वी ऐकलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

“गावकर, त्या दिवशी पोरानं मोडायची थाप मारली. हितं मांड न्हवता तर तुमी उठलासा कशाला?”

एक ट्रक आला आणि गेला. गावकरांनी उगारलेली काठी खाली टेकली. मी बघत होतो, की एवढी वर्षं सगळी कॉलनी ‘तितं’ ‘तितं’ करत होती आणि पाय मात्र तिचे हितं उठले होते. माझं डोकं नाही चाललं हे, अप्पांचं चाललं. बारा-पंधरा दिवस ते कातड्याबरोबर हेच वाळवत बसले असणार.

आजही आमचा बँड वन्स मोर घेत नाही. लोक ओरडतात, शिट्ट्या मारतात, मुंबईत एकदा आयोजक हातापाया पडला. पण ते गाणं आता आम्ही शेवटी वाजवतो, त्या मोडायच्या थापेनं संपवतो, वाकून फळ्यांना हात लावतो आणि निघतो. लोकांना वाटतं आम्ही शिष्ट आहोत. वाटू दे. अप्पा गेले त्या रात्री डब्यावर ती थाप मी वाजवली, अव्वानं सांगितलं म्हणून. डबा अर्धा भरलेला होता.

पण त्या संध्याकाळी अप्पांनी वाजवली ती दुसरी थाप. मी जन्मात कधी न ऐकलेली. सुरुवात घाईची, मग एकेक ठोका मागं मागं राहत जाणारा, वाटेत थांबून कुणाची तरी वाट बघावी तसा. नव्या कातड्यावर हात बसत नव्हता, एकदा चुकले, मान हलवली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. गावकरांनी काठी खाली ठेवली. बांध ओलांडला. वाकून जमिनीला हात लावला, कपाळाला लावला, आणि मातीतच मांडी घालून बसले. मग अव्वा आली, तिचं कंदाचं गोणपाट घेऊन. मग बाकीची. अप्पा वाजवत राहिले, मागची शेवटची बाई लेकराला मांडीवर घेऊन बसेपर्यंत. घाम त्यांच्या हनुवटीवरून घुमटावर पडत होता. मग त्यांनी हात थांबवला, सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली, आणि आम्हा तिघांकडं वळून म्हणाले,

“बगत काय बसलाय? वाजवा की. मान्सं बसल्यात.”